मुलांचा बंक बेड: मापं, पंखा, कठडा, शिडी (अनुभव धागा)

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या खोलीची कामं निघतात आणि बंक बेडचा विषय घरोघरी येतो. दोन मुलं, १० बाय १० ची खोली, त्यातच कपाट आणि अभ्यासाचं टेबल. अशा वेळी पलंगावर पलंग चढवणं सोयीचं आहे यात वाद नाही. पण दुकानात आणि मोबाइलवर दिसतात ती फक्त चित्रं. रंग दिसतो, कठडा गादीपासून किती वर आहे ते दिसत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी हे पलंग बनवले, बसवले, तपासले किंवा दुरुस्त केले त्यांनी नेमकी मापं आणि नेमक्या चुका लिहाव्यात. किंमत आणि दुकानांची नावं इथे नकोत.

अंतर्गत सजावट, ठाणे

सुरुवात पलंगापासून करू नका, छतापासून करा. आपल्याकडे पंखा हा बंक बेडचा सगळ्यात मोठा धोका आहे आणि परदेशी नकाशांवरून काम केलं की तोच सुटतो.

हिशेब मांडून बघा. खोली १० फुटी, म्हणजे १२० इंच. पंखा मधोमध, भिंतीपासून ६० इंचांवर. नेहमीचा पंखा १२०० मिमीचा, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून २४ इंच. टोक भिंतीपासून ३६ इंचांवर आलं. गादी ३६ इंच रुंद आणि चौकट धरून पलंग ३८-३९ इंच. पातं पलंगाच्या कडेवरूनच फिरणार! १२ फुटी खोलीत टोक ४८ इंचांवर जातं, म्हणजे कडेपासून जेमतेम ९ इंच. मुलाचा हात त्याहून लांब पोचतो.

आता उंची. छत ९ फूट, पातं साधारण ८ फुटांवर. वरच्या गादीचा पृष्ठभाग ५ फुटांवर असतो. उरले ३ फूट. आठ-दहा वर्षांच्या मुलाने गादीवर बसून हात वर केला तरी पात्यापर्यंत जातो, उभं राहिल्यावर तर डोकंच जातं. ९०० मिमीचा छोटा पंखा लावून टोक फक्त ६ इंच मागे सरकतं, त्याने प्रश्न सुटत नाही.

उपाय दोनच मानते. एक, छताचा पंखा काढून जाळीचा भिंतीवरचा पंखा, तोही वरच्या पलंगावरून हात पोचणार नाही अशा समोरच्या भिंतीवर. दोन, पंखा सरकवणं, म्हणजे पात्याचं टोक कठड्यापासून किमान अडीच-तीन फूट लांब जाईल. सरकवताना नवा हूक स्लॅबमध्ये अँकर फास्टनरनेच (काँक्रीटमध्ये फुगून पकडणारा बोल्ट) बसला पाहिजे, जिप्समच्या खोट्या छताला पंखा टांगू नये. नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल तर सोसायटीला विचारल्याशिवाय भोक पाडू नका, आत ताणलेल्या केबल असतात.

सुतारकाम, कोल्हापूर

ताईंनी पंख्याचं बरोबर सांगितलं. मी कठड्याचं सांगतो, कारण आमच्या धंद्यात सर्रास चुकतं ते तिथेच. कठडा प्लायपासून मोजतात. गिऱ्हाईक म्हणतं ८ इंच ठेवा, आम्ही ८ इंच ठेवतो, मग घरात ६ इंची गादी येते आणि वर दोन इंच उरतात. दोन इंचांचा कठडा झोपेत कुशीवर वळणाऱ्या मुलाला अडवत नाही.

आधी गादी ठरवा. वरच्या पलंगाला ४ इंची पुरे, ५ च्या वर नकोच. गादीच्या वर किमान ५ इंच कठडा, जमलं तर साडेसहा. म्हणजे प्लायपासून साडेदहा-अकरा इंच. खालच्या गादीला ही अट नाही, तिथे ६ इंची चालते.

उभ्या मापाचा आराखडा असा धरा: खालची फळी जमिनीपासून १२ इंच (खण करायचे तर १४), गादी ५, मधली मोकळी जागा ३४, वरच्या पलंगाची फळी आणि आधार ४, वरची गादी ४. बेरीज ५९ इंच. ३४ च्या जागी ३० केलंत तर खाली आई किंवा बाबा मुलाजवळ बसून गोष्ट वाचू शकत नाहीत, मान वाकते. वरच्या मुलालाही छतापर्यंत ३३ ते ३६ इंच हवेत. छत ८ फुटांचं असेल तर हे गणित बसतं, पण जेमतेम.

साहित्य: १८ मिमी प्लाय, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) दर्जाचं. बाजूच्या लांब पट्ट्या दोन प्लाय चिकटवून ३६ मिमी करा. गादीखाली नुसतं १८ मिमी प्लाय टाकलं की वर्षभरात मध्ये झोळ येतो. दर १२ इंचांवर २ बाय १ ची लाकडी रीप उभ्या बाजूने टाका आणि तिची दोन्ही टोकं बाजूच्या पट्टीला आतून लावलेल्या रिपेवर टेकवा. वजन लाकडावर बसलं पाहिजे, स्क्रूवर नाही. प्लायच्या कडेत सरळ स्क्रू मारला की थर फाटतात. त्या जोडाला ८ मिमीचा बोल्ट आणि बॅरल नट (फळीच्या आत आडवा बसणारा गोल नट). पार्टिकल बोर्डचा (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचा) बंक बेड मी कुणालाच सुचवणार नाही. मिनिफिक्सचं (अशा फळ्या जोडायच्या फिरवून आवळणाऱ्या फिटिंगचं) भोक एकदा सैल झालं की पुन्हा पकडत नाही, आणि घर बदलताना पलंग एकदा तरी खोलला जातोच.

घरगुती फर्निचरची सुरक्षा तपासणी, न्यू जर्सी

कठड्याच्या ५ इंचाला आधार आहे, तो सांगतो. अमेरिकेत बंक बेडसाठी संघराज्य पातळीवरचा सक्तीचा नियम जून २००० पासून लागू आहे. ज्या पलंगाचा तळ जमिनीपासून ३० इंचांहून वर आहे त्याला तो लागतो. त्यातले चार मुद्दे भारतात बनवतानाही जसेच्या तसे घ्यावेत.

दोन्ही बाजूंना कठडा, भिंतीच्या बाजूलासुद्धा. भिंतीकडचा कठडा सलग, मध्ये तोडायचा नाही. पुढच्या कठड्यात चढायला जागा सोडायची ती टोकाला आणि १५ इंचांहून जास्त नाही. कठड्याचा वरचा काठ गादीपासून किमान ५ इंच. आणि कठड्यातली, दोन पट्ट्यांमधली किंवा कठडा आणि फळीमधली कुठलीही फट साडेतीन इंचांपेक्षा कमी.

साडेतीन इंचांचं कारण समजून घ्या. मूल झोपेत सरकतं तेव्हा पाय आधी जातात. मोठ्या फटीतून पाय आणि मग कंबर, छाती निघून जाते, पण डोकं निघत नाही. मूल मानेवर लटकतं. म्हणून फट शरीर जाणारच नाही इतकी लहान ठेवायची. युरोपीय मानक ईएन ७४७ याहून कडक आहे: फटी साडेसात सेंटिमीटरपर्यंतच, कठडा गादीपासून १६ सेंटिमीटर, चढायची जागा ३० ते ४० सेंटिमीटर. सुतारदादांचे साडेसहा इंच यात व्यवस्थित बसतात.

प्रश्न, नाशिक: भिंतीला चिकटवून ठेवला तरी त्या बाजूला कठडा कशाला? साफसफाई अवघड होते.

न्यू जर्सी (उत्तर): कारण पलंग चिकटलेला राहत नाही. मुलं चढता-उतरताना तो रोज थोडा थोडा सरकतो. भिंतीला खाली टाइलची स्कर्टिंग असते, तिच्यामुळेही अर्ध्या इंचाची फट पहिल्या दिवसापासून असते. चार-पाच इंचांची फट पडायला वेळ लागत नाही, आणि गादी-भिंतीमधली फट ही वर सांगितलेल्या फटीसारखीच घातक. झाडता यावं म्हणून तिकडचा कठडा बोल्टवर काढता-घालता येईल असा करा, पण करा.

फॅब्रिकेशन, पिंपरी

लोखंडी पलंगाबद्दल कुणी लिहिलं नाही. नीट केला तर तो प्लायपेक्षा कमी जागा खातो आणि ढेकूण लपायला फटी कमी. उभे खांब ४० बाय ४० मिमी चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा. लांब पट्ट्या ५० बाय २५ मिमी, १६ गेज (गेज म्हणजे पत्र्याची जाडी; आकडा मोठा तितका पत्रा पातळ). कठड्याला २५ बाय २५ चालतो. १८ गेजचे खांब घेऊन स्वस्तात केलेला पलंग उभा राहतो, पण डुलतो. डोलणं थांबवायला मागच्या बाजूला एक तिरका आधार टाका, खांब आणखी जाड करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

प्रत्येक जोड चारही बाजूंनी फुल वेल्डिंग. नुसते टाके मारून वर रंग दिलेला ओळखायचा तर आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावरून बोट फिरवा. ग्राइंडर फिरवल्यावरही बोचणारे दाणे राहिले असतील तर पावडर कोटिंगच्या आधी काढून घ्या, नंतर निघत नाहीत. सगळ्या पाइपांची उघडी तोंडं बंद. प्लास्टिकची टोपी मुलं उपटतात, म्हणून पत्रा लावून वेल्ड करा. जोड खोलता येणारे हवेत तिथे ८ मिमी बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला). साधा नट रोजच्या हादऱ्याने सुटतो, आणि रात्री करकर सुरू होते ती तिथूनच.

शिडी! एक इंची गोल पाइपाच्या पायऱ्या मुलांच्या तळव्याला टोचतात, मग मुलं शिडी सोडून कठड्यावरून चढतात. पायरी सपाट, किमान ३ इंच रुंद, दोन पायऱ्यांत १० इंच, सगळ्यांत सारखं अंतर. शिडी सरळ उभी नको, थोडी तिरकी. वरून नुसत्या हुकावर अडकवलेली नको, वर आणि खाली बोल्टने पक्की. शिडीमागे खणांचं कपाट येत असेल तर पायाचा चवडा पायरीवरून पुढे जाईल इतकी जागा सोडा. आणि शिडीचे उभे दांडे कठड्याच्या वर पोचले पाहिजेत, नाहीतर उतरताना पहिल्या पावलाला हाताशी काहीच नसतं.

जागा असेल तर जिन्यासारख्या पायऱ्या आणि खाली खण, हे लहान मुलांना सर्वांत सोपं. त्याला पलंगाच्या लांबीत दीड फूट जास्त लागतो. त्या जिन्याला बाहेरच्या बाजूने दांडा लावायला विसरतात.

बालरोग विभाग, नागपूर

सहा वर्षांखालचं मूल वरच्या पलंगावर नाही. झोपायला नाही आणि खेळायलाही नाही. लहान मुलाला उंचीचा अंदाज नसतो, आणि रात्री अर्धवट झोपेत शिडी शोधणं त्याला जमत नाही. झोपेत चालणारं मूल किंवा फिट येणारं मूल वय कितीही असो, खालीच. ताप, उलट्या, हाताला प्लास्टर असेल तेवढ्या दिवसांसाठीही खालीच.

पडणं फक्त झोपेत होत नाही. दिवसा उड्या मारताना, भावंडांच्या ढकलाढकलीतही मुलं पडतात. म्हणून खाली टोकदार कोपऱ्याचं टेबल किंवा लोखंडी खुर्ची नको. पडल्यावर मूल बेशुद्ध झालं, पुन्हा पुन्हा उलटी होऊ लागली, नेहमीपेक्षा गुंगीत वाटलं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर थेट रुग्णालय गाठा. मानेत दुखतंय म्हणालं तर त्याला उचलून उभं करू नका, मान हलू न देता मदत मागवा.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पलंगाच्या खांबाला ओढणी, साडीचा झोका, उडी मारायची दोरी, बॅगेचा पट्टा काहीही बांधायचं नाही. मुलांना खालच्या पलंगाचं घर करायला आवडतं, चादर लावू द्या, पण गादीखाली खोचून. गाठ मारून नाही.

प्रश्न, सांगली: मुलं ४ आणि ७ वर्षांची. मग दोन वर्षं थांबायचं का?

ठाणे (उत्तर): धाकटा खाली झोपला तरी तो थोरल्याच्या मागे वर चढणारच. शिडी काढून ठेवता येत असेल आणि दिवसा ती रोज काढणार असाल तरच आत्ता करा. नाहीतर सरकता पलंग करा: वरचा १६-१८ इंच उंच, त्याच्या पोटात चाकांवरचा दुसरा. आतल्या पलंगाला ४ इंची गादी बसते, चाकांना ब्रेक हवा, आणि तो बाहेर ओढायला समोर साडेतीन फूट मोकळी जमीन लागते.

गादी आणि लाकूडकाम, रत्नागिरी

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचा विचार करा. अखंड प्लायवर ठेवलेल्या गादीच्या खालच्या अंगाला जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरते. प्लायला दर ६ इंचांवर एक इंची भोकं पाडा किंवा प्लायऐवजी पट्ट्या टाका, दोन पट्ट्यांत अडीच इंचांहून जास्त अंतर नको. वर काथ्याची ४ इंची गादी उत्तम: कडक असते, कडेला बसलं तर दबत नाही. मऊ फोमची कडा दबली की कठड्याखाली फट उघडते.

गादी चौकटीत घट्ट बसली पाहिजे. बाजारात ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या गाद्या मिळतात. ७८ च्या चौकटीत ७५ ची टाकली की पायथ्याशी तीन इंच उघडे. गादी आणून मगच चौकट कापायला सांगा.

मच्छरदाणीला कठडा समजू नका, तिला टेकलं की मूल दाणीसकट खाली येतं. तिच्या दोऱ्याही नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या यादीतच येतात. खिडकीला जाळी बसवलेली बरी. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून, मुलांना झोपवू नका. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. भारतात घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे.

सुतारकाम, कोल्हापूर (पुन्हा)

बसवल्यावर ताबा घेण्याआधी मोठ्या माणसाला वर झोपवा आणि दुसऱ्याने कठडा दोन्ही हातांनी बाहेर ओढावा. कठडा वाकला किंवा जोड बोलला तर तिथेच दुरुस्ती. फटींसाठी साडेतीन इंचांचा लाकडी ठोकळा कापून घ्या आणि प्रत्येक फटीत घालून बघा. तो कुठेही गेला नाही पाहिजे.

भिंतीला पलंग पकडायचा असेल तर भिंत कसली ते आधी बघा. नव्या इमारतींत एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) असतात. त्यात साधा नायलॉन प्लग ओढला की बाहेर येतो, ब्लॉकसाठीचे लांब प्लग मिळतात तेच वापरा. तरी पलंग स्वतःच्या पायांवर न डुलता उभा राहिला पाहिजे, भिंतीची पकड फक्त सरकू नये म्हणून. वरच्या पलंगावरून हात पोचेल तिथे खिडकी असेल तर तिला ग्रिल हवंच, आणि स्विचबोर्ड असेल तर हलवा.

बोल्ट पहिल्या महिन्यानंतर एकदा आणि मग दर दिवाळीच्या सफाईत आवळा, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तोवर परत आकसलेलं असतं. आणि कठड्याच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने एक रेघ मारून शेजारी लिहा, गादी इथपर्यंतच. पाच वर्षांनी गादी बदलणारा माणूस दुसराच असू शकतो.