दाराबाहेर कॅमेरा लावला, सेक्रेटरींची नोटीस आली. नियमाचा अर्थ काय लावायचा?

मनीषनगरवाली
नमस्कार मंडळी. चार माळ्यांची बिल्डिंग, १६ फ्लॅट. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये, रात्री मी आणि सासूबाई दोघीच. मार्चमध्ये दारासमोरून लेकीची सायकल गेली, त्याच्या आधी खालच्या काकांच्या गाडीतलं पेट्रोल काढलं होतं, म्हणून चौकटीच्या वर कॅमेरा लावून घेतला. आता नोटीस आली की सात दिवसांत काढा, कारण नियमात लिहिलं आहे, "बाहेरील भिंतीवर व सामाईक जागेत कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय कोणतीही वस्तू बसवू नये." यात कॅमेरा शब्द कुठे आहे हे मला समजूनच नाही राहिलं. त्याच पॅसेजमध्ये चपलांचे स्टँड, कुंड्या, डिशच्या वायरी, समोरच्यांचा कूलर तर अर्धा रस्ता अडवतो, त्यांना कधी नोटीस नाही. खरी तक्रार समोरच्या काकूंची आहे, म्हणतात तुमचा कॅमेरा आमच्या घरात पाहतो. काढायचाच का? भांडण नको आहे, पण रात्रीची भीती पण खरी आहे नं.

माजी सेक्रेटरी, प्रतापनगर
ताई, आधी हे पाहा की तुमची सोसायटी आहे का अपार्टमेंट. आपल्याकडे सगळे सोसायटीच म्हणतात, पण नागपुरातल्या बऱ्याच बिल्डिंगा १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्यात, डीड ऑफ डिक्लेरेशन (बिल्डिंग त्या कायद्याखाली आणल्याचा नोंदवलेला दस्त) करून झालेल्या आहेत आणि उपविधी, म्हणजे बिल्डिंगचे नियम, त्या डीडलाच जोडलेले असतात. सोसायटी असेल तर १९६० चा सहकार कायदा, तक्रार उपनिबंधकांकडे. नोटिशीतलं वाक्य मूळ कागदाशी ताडून पाहा, पुष्कळदा नोटिसा आठवणीवरून लिहिल्या जातात, माझ्याकडूनही ही चूक झाली आहे.

कॅमेरा शब्द नाही म्हणून सुटका होत नाही, "कोणतीही वस्तू"मध्ये तो आलाच, आणि दाराबाहेरची भिंत सामाईकच धरतात. पण नियम नुसतं "बसवू नये" म्हणत नाही, "परवानगीशिवाय" म्हणतो. म्हणजे अर्जाचा रस्ता त्यातच आहे. चोरीचं कारण लिहून अर्ज द्या, नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. अपार्टमेंट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सामाईक जागा ज्यासाठी आहे त्यासाठी प्रत्येकाला वापरता येते, पण दुसऱ्याच्या हक्काला अडथळा न आणता. हे कूलरलाही लागू आणि कॅमेऱ्यालाही. कूलरचा विषय मात्र या अर्जात आणू नका, तुमचा मुद्दा बाजूलाच राहून जाईल.

त्रिमूर्तीनगर २२
काकूंचं पण ऐकून घ्या नं ताई. आमच्या समोर असाच कॅमेरा होता. आई पॅरालिसिसनंतर हॉलमध्येच दिवाणावर असायची, उन्हाळ्यात हवेसाठी दार उघडं ठेवायचो, पण तो कॅमेरा लागल्यापासून ती ४५ डिग्रीतही दार लावायला लावायची, कोणी पाहून राहिलं म्हणायची. शेजारी वाईट नव्हते, त्यांना कळलंच नाही की तिला त्रास होतो, आणि आम्हीही कधी जाऊन सांगितलं नाही. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या भांडणात संमतीशिवाय लावलेले कॅमेरे चालू ठेवायला मनाई केली, सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. तिथे कॅमेरे राहत्या भागात आत होते, तुमचा पॅसेजमध्ये आहे, तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण घराच्या आत पाहणं कोर्ट किती गंभीरपणे घेतं ते त्यावरून समजते.

कॅमेऱ्याचं काम करतो
वहिनी, घरगुती कॅमेऱ्यात बहुतेक २.८ एमएमची लेन्स असते, ती साधारण १०० डिग्री रुंद पाहते, पाच फुटी पॅसेजमध्ये समोरचं दार त्यात येणारच. चौकटीवरून काढून बाजूच्या कोपऱ्यात जिन्याकडे तोंड करून लावा, तुम्हाला येणारा-जाणारा दिसला म्हणजे झालं. सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असेल तर काकूंच्या दारावर काळा चौकोन टाका, तेवढा भाग रेकॉर्डच होत नाही. आवाज बंद ठेवा, पॅसेजमध्ये लोक घरचं बोलतात. मग मोबाईल काकूंच्या हातात द्या आणि त्यांचं दार उघडून दाखवा. आणि परवानगी नाहीच मिळाली तर दाराच्या भोकात बसणारा कॅमेरा येतो, भिंतीला स्क्रूच नको.

मनीषनगरवाली
सगळ्यांचे खूप आभार. संध्याकाळी फोनवर लाइव्ह उघडलं, आतापर्यंत मी फक्त जिना आणि आपली चप्पल पाहायची. काकूंचं दार उघडं होतं, देवघरातला दिवा दिसत होता आणि त्या पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या, पदर खांद्यावरून घसरलेला. मला एकदम कसंतरीच झालं. तेव्हाच मास्क टाकला, आवाज बंद केला, उद्या त्यांच्याकडे फोन घेऊन जाते.

डीड रजिस्ट्रीच्या कागदांसोबतच सापडली, अपार्टमेंटच आहे. वाक्य नोटिशीत आहे तसंच आहे, पण त्याच्या पुढची ओळ नोटिशीत नाही, "वाजवी कारणाशिवाय परवानगी नाकारू नये." ती अर्जात जशीच्या तशी लिहिली आहे. काका, अर्ज सेक्रेटरींना द्यायचा का अध्यक्षांना?

माजी सेक्रेटरी, प्रतापनगर
सेक्रेटरींनाच द्या. दोन प्रती काढा, एकीवर तारीख टाकून पोच घ्या, आणि सात दिवस संपायच्या आत द्या.