बॉइज डोन्ट क्राय (1999): फिल्म क्लबमधे दाखवावा का?

निशिगंध
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या फिल्म क्लबला येणारी बरीचशी मुलं कॉलेजातली आहेत, पुढच्या महिन्यात दिग्दर्शिका किंबर्ली पियर्सचा बॉइज डोन्ट क्राय दाखवू असं मी सुचवलं आणि लगेच दोन तट पडले. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, ब्रँडन टीना हा 21 वर्षांचा ट्रान्स पुरुष, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं लिंकन शहर सोडून फॉल्स सिटी नावाच्या छोट्या गावात येतो, तिथे दोस्त मिळतात, लाना नावाची प्रेयसी मिळते, आणि तो जन्माने मुलगी होता हे कळल्यावर त्यातलेच दोघे दोस्त त्याच्यावर बलात्कार करतात आणि पुढे त्याला मारून टाकतात. डिसेंबर 1993 मधली खरी घटना. एका मैत्रिणीचं म्हणणं की बलात्काराचा सीन इतका भयंकर आहे की एखादं मूल आतून मोडेल, आणि शिवाय ट्रान्स माणूस म्हणजे मार खाणारा माणूस एवढंच डोक्यात राहील. मला मात्र वाटतं हा सिनेमा बघायलाच हवा. तुम्ही काय कराल?

अनुजा व.
दाखवा. पण बोलायचं असेल तर बलात्काराच्या सीनपेक्षा त्याच्यानंतरच्या पोलीस स्टेशनच्या सीनवर बोला, माझ्यासाठी अख्खा सिनेमा तिथे आहे. नाताळच्या पहाटे त्याच्यावर अत्याचार झाला, त्या दोघांनी वाच्यता केलीस तर बघ अशी धमकी दिलेली, तरी हा पोरगा तक्रार द्यायला गेला. आणि शेरिफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, त्याला विचारतोय काय, तर पँटमधे मोजा घालून फिरतोस का, मुलींच्या मागे का असतोस. त्याचं टेपिंग आहे, 1998 च्या द ब्रँडन टीना स्टोरी या माहितीपटात ऐकायला मिळतं, मला ते सलग ऐकवलं नाही. मग त्या दोघांना बोलावून चौकशी केली, म्हणजे तक्रार झालीय हे त्यांना कळलं, आणि अटक केलीच नाही. 31 डिसेंबरला दोघांनी हम्बोल्ट गावाजवळच्या शेतघरात जाऊन ब्रँडनला मारलं, सोबत लिसा लॅम्बर्ट आणि फिलिप डिव्हाइनलाही. लिसाचं तान्हं बाळ तेवढं वाचलं.
ब्रँडनच्या आईने काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनावर, दावा लावला. खालच्या कोर्टाने 80,000 डॉलर भरपाई धरली आणि त्यातले 85 टक्के गुन्हेगारांच्या वाट्याचे म्हणून कापले, वर 1 टक्का ब्रँडनच्या स्वतःच्या हलगर्जीपणाचा म्हणून कापला. मेलेल्या मुलाच्या हलगर्जीपणाचा! 2001 मधे नेब्रास्काच्या सुप्रीम कोर्टाने ही सगळी कपात रद्द केली आणि शेरिफलाही चांगलं झापलं. मुलांना हे जरूर सांगा.

कातळ
फिलिपचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण सिनेमात तो नाहीच. काळा तरुण, लानाच्या बहिणीचा मित्र, त्या रात्री त्या घरात होता म्हणून जीव गेला, आणि पियर्सने त्याला कथेतूनच काढून टाकलं. लिसाची जागा कँडेस नावाच्या पात्राने घेतली आणि लाना खुनाच्या वेळी हजर दाखवलीय, ती प्रत्यक्षात नव्हती. कथा आटोपशीर करायला बदल करावे लागतात हे मान्य, पण फिलिपचं मला आजही पटत नाही. गोऱ्या लोकांच्या गावात वंशद्वेष नव्हताच असं वाटून बसतं बघणाऱ्याला.
बाकी सिनेमा म्हणून तोड नाही. साधारण 20 लाख डॉलरमधे केलेला, ब्रँडन झालेल्या हिलरी स्वँकला ऑस्कर मिळवून देणारा. पिकअपच्या मागे दोरी धरून उभं राहायचा तो खेळ आठवा, ब्रँडन पडतो आणि तरी खूश असतो, पुन्हा चढतो, कारण आता तो पोरांच्यातला एक झालाय. पुढे त्याचं मन कुठे अडकतं ते त्या एका सीनमधे कळतं. आणि एक, अमेरिकेतल्या रेटिंग बोर्डाने आधी याला एनसी-17, म्हणजे 17 पर्यंतच्या मुलांना प्रवेशच नाही असं रेटिंग, दिलं होतं, लानाच्या चेहऱ्यावरचं सुख जास्त वेळ दिसतं ही त्यांची एक मोठी तक्रार होती असं पियर्सनेच सांगितलंय. डोक्यात घातलेल्या गोळीबद्दल काही म्हणणं नव्हतं.

पाऊलवाट
मी ट्रान्स पुरुष आहे, कोल्हापूरकडचा. निशिगंधताई, तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावू नका. मी हा सिनेमा एकट्याने लॅपटॉपवर बघितला आणि नंतर कितीतरी दिवस रात्रीच्या एसटीत बसायची भीती वाटायची, कुणी आयकार्ड मागितलं तर काय. आमच्यासारखा माणूस पडद्यावर क्वचितच दिसतो, आणि दिसला की मेलेला असतो. बलात्कारानंतर लाना आणि ब्रँडनचा जो प्रेमाचा सीन आहे तो तर मला खूप लागला, तिथे दिग्दर्शिका त्याला जवळजवळ परत मुलगी करून टाकते. स्वँकने काम जीव तोडून केलंय, पण आज तो रोल ट्रान्स नटालाच मिळायला हवा. 2016 ला अमेरिकेतल्या रीड कॉलेजात पियर्स बोलायला गेली तेव्हा विद्यार्थ्यांनी तिच्याविरुद्ध पोस्टर लावले, तितकं मी करणार नाही, ती स्वतःही स्त्री-पुरुषाच्या चौकटीत न बसणारी आहे आणि त्या काळात दुसरं कुणी ही गोष्ट सांगायला तयार नव्हतं. ब्रँडनच्या थडग्यावर जन्माचं नाव आहे, खाली मुलगी, बहीण, मैत्रीण असं कोरलंय. सिनेमात निदान तो ब्रँडन आहे, हे मी धरून ठेवतो.
दाखवा, पण आधी स्पष्ट सांगा काय येणार आहे, दार उघडं ठेवा, मधेच उठून गेलं तर कुणी मागे वळून बघायचं नाही. आणि आपल्याकडचंही बोला. 2019 ला आपला ट्रान्सजेंडर कायदा झाला त्यात लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली, तेव्हा बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं होती. आमच्या अंगाची किंमत कमी का, हे विचारा मुलांना.

निशिगंध
पाऊलवाट, मनापासून आभार, दार उघडं ठेवायचं आणि आधी सांगायचं हे दोन्ही करणारच. मैत्रिणीलाही हा धागा पाठवला, ती म्हणाली चर्चा नीट होणार असेल तर तिची ना नाही. फिलिपबद्दल आणि कोर्टाच्या निकालाबद्दल मी सुरुवातीलाच बोलेन. माहितीपटातली टेप आधी ऐकवू की नंतर?

अनुजा व.
नंतर, आणि दोनच मिनिटं. आधी ऐकवलीत तर मुलं ब्रँडनला हसताना बघूच शकणार नाहीत, आणि पहिला तासभर तो फार हसतो.