मदत हवी आहे: १०० घेऊ की ४००? उद्या सकाळपर्यंत तिकिटं काढायची आहेत

चिंगी_८४
लोकहो, पटकन सांगा. शनिवारच्या शोची तीन तिकिटं काढायची आहेत. १०० नंबरच्या विभागात (खालचा मजला) मागच्या रांगा मिळतायत, ४०० मध्ये (सगळ्यात वरचा मजला) मधोमध. १०० वाली माणशी साठेक डॉलरने महाग आहेत, पण स्टेजच्या जवळ. नवरा म्हणतो एवढं जाताय तर जवळचीच घे. मैत्रीण म्हणते ४०० शिवाय मजा नाही. नेटवर वाचून डोकं उठलंय, प्रत्येकाचं वेगळंच. इथे कोणी जाऊन आलं असेल तर एका ओळीत सांगा: १०० की ४००? तिकिटं दहा मिनिटंच धरून ठेवतात, मग हातची जातात.

केदार२
कोणाचा शो? कुठल्या गावात? १०० आणि ४०० प्रत्येक मोठ्या स्टेडियमात असतात.

चिंगी_८४
अहो लास वेगास. स्फिअर नावाचं ते गोल सभागृह. ईगल्स बँड. आता सांगा.

सुलभा_न
१०० च्या मागच्या रांगा अजिबात घेऊ नका. तिकिटाच्या पानावर बारीक अक्षरात 'लिमिटेड व्ह्यू' (म्हणजे पूर्ण दिसणार नाही) लिहिलंय का ते आधी बघा. तिथे डोक्यावर २०० च्या सज्जाचं छत येतं. स्फिअरचा आतला पडदा नुसता समोर नाही, तो डोक्यावरून मागे जातो. जवळजवळ १ लाख ६० हजार चौरस फुटांचा आहे. त्यातला वरचा सगळा भाग त्या रांगांमधून कापला जातो.

आम्ही तिथे यू-टू हा बँड पाहिला होता. एका गाण्यात आकडे भरलेलं एक छतच वरून खाली सरकत येतं, अगदी डोक्यावर येऊन थांबतंय असं वाटतं. आम्ही ३०० मध्ये होतो, आजूबाजूची माणसं चक्क खुर्चीत खाली सरकली. आमच्यातले दोघं मात्र १०० च्या शेवटच्या रांगांत होते. सगळं सभागृह वर बघून ओरडतंय आणि हे दोघं वाकून, मान तिरपी करून काय चाललंय ते शोधतायत. त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पैसे मोजले होते, याचा मला अजून राग आहे. तेव्हा एका ओळीत उत्तर: दोन्ही नको, ३०० मध्ये ३०६ च्या आसपास बघा.

केदार२
सुलभाताईंना अनुमोदन, पण मी ४०० च सुचवेन. पूर्ण चित्र तिथूनच दिसतं आणि पैसे वाचतात. आवाजाची काळजी नको. स्पीकर पडद्याच्या मागे सगळीकडे पसरलेले आहेत, त्यामुळे मागे बसलं की आवाज गढूळ होतो हा नेहमीचा प्रकार तिथे नाही. शब्द न् शब्द कळतो.

गिटारवाला
मला एक कळत नाही. तुम्ही सगळे पडदा बघायला जाता की बँड बघायला? ४०० मधून माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसतात. पन्नास वर्षं वाजवणारी माणसं समोर आहेत आणि सल्ला काय, तर आकाश कुठून छान दिसतं! १०० च्या पुढच्या रांगा घ्या नाहीतर खाली स्टेजसमोर फ्लोअरवर जा. पैसे जास्त जातील, जाऊ देत.

सुलभा_न
@गिटारवाला, फ्लोअरवरून पडद्याचा मागचा भाग बघायला सतत मान मोडावी लागते. आणि ते सभागृहच पडद्यासाठी बांधलंय. नुसता बँडच बघायचा असेल तर दुसऱ्या एखाद्या शहरात साध्या रंगमंचावर बघावा.

गिटारवाला
ईगल्स आता दुसऱ्या शहरात कुठे फारसे वाजवतायत? त्यांचा निरोपाचा दौरा २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला सुरू झाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून मुक्काम स्फिअरला. तेव्हा जे आहे ते तिथेच बघायचं. म्हणून तर म्हणतो, माणसं बघा.

निवांत_पोपट
माणसं म्हणजे कोण पण? ग्लेन फ्राय २०१६ च्या जानेवारीत गेले. रँडी माइझनर २०२३ मध्ये गेले. बर्नी लेडन सत्तरच्या दशकातच बाहेर पडले होते. १९७१ मध्ये ज्या चौघांनी सुरुवात केली त्यांतले एकटे डॉन हेन्ली उरलेत. मी तरी याला ईगल्स म्हणणार नाही. त्या पैशांत चांगली हेडफोनची जोडी येते, घरी बसून मूळ रेकॉर्ड ऐका.

केदार२
हे पटत नाही. जो वॉल्श १९७५ च्या अखेरीस आले, टिमथी श्मिट १९७७ मध्ये. पन्नास वर्षांच्या आसपास त्या बँडमध्ये काढलेल्या माणसांना पाहुणे कसं म्हणायचं? फ्राय यांच्या जागी त्यांचा मुलगा डीकन गातो आणि सोबत व्हिन्स गिल आहेत, जे स्वतः कंट्री संगीतातलं मोठं नाव आहे. पाच आवाज एकत्र लागले की अंगावर काटा येतो, तो कोणाच्या जन्मतारखेने येत नाही. यू-टूसुद्धा स्फिअरला लॅरी मलनशिवाय वाजले, दुखण्यामुळे त्यांच्या जागी दुसरा ड्रमर होता. म्हणून ते यू-टू नव्हते का?

निवांत_पोपट
चौघांतला एक तात्पुरता नसणं वेगळं आणि तिघं कायमचे नसणं वेगळं. माझं मत बदललेलं नाही.

चिंगी_८४
मी बँड खरा की खोटा हे विचारलेलं नाही. तिकीट कुठलं एवढंच विचारलंय. ३०० मध्ये मधली तीन एकत्र नाहीत, दोन आणि एक अशी आहेत. चालतील का?

मी_परदेशी
वेगासला जाताच आहात तर ग्रँड कॅन्यन सोडू नका. लोक घाईत वेस्ट रिमला जातात, तो सव्वादोन-अडीच तासांवर आहे म्हणून. पण खरा कॅन्यन साउथ रिमला. एका बाजूला साडेचार तास धरा, एक रात्र तिथे राहा आणि सूर्योदय बघा. वाटेत हूवर धरण होतं. तुम्ही गाडी भाड्याने घेणार आहात का?

सुलभा_न
@चिंगी_८४, तुमच्यासोबत कोण आहे? लहान मूल आहे का? तीन तिकिटं म्हणालात आणि नवऱ्याने नुसता सल्ला दिला, म्हणजे तो येत नसावा. दोन-एक चालेल की नाही ते त्यावर ठरेल.

चिंगी_८४
मी, आई आणि बाबा. ते सध्या इथे आलेत. तिकिटं बाबांसाठीच आहेत, आम्ही दोघी सोबत. बाबा ७१ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण चालतात व्यवस्थित. आईला उंचावरून खाली बघितलं की गरगरतं.

केदार२
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! माझा ४०० चा सल्ला मागे घेतो. वरच्या मजल्यांचा चढ फार उभा आहे. आपल्या पायाशी पुढच्याचं डोकं येतं आणि समोर एकदम पोकळी. त्यात पडद्यावरचं चित्र सरकायला लागलं की आपणच सरकतोय असा भास होतो. चांगली धडधाकट माणसं खुर्चीचे हात धरून बसलेली मी बघितली आहेत. आईंना तिथे अजिबात नेऊ नका. बाबांच्या गुडघ्याचंही तेच. मजल्यापर्यंत सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण तिथून आपल्या रांगेपर्यंत पायऱ्याच.

अनघा_के
माझ्या सासूबाईंना असंच होतं. कुठल्याही मोठ्या पडद्याच्या ठिकाणी त्यांना एकच सांगते: भोवळ आल्यासारखं वाटलं तर डोळे मिटायचे नाहीत, पडदा सोडून स्टेजवरच्या एका माणसाकडे बघत राहायचं. स्थिर वस्तू समोर असली की बरं वाटतं. आणि कानात घालायचे बोळे न्या, फार्मसीत मिळतात ते फोमचे चालतील. वयस्कर माणसांना दोन तास मोठा आवाज सोसत नाही.

जुनी_कॅसेट
बाबांना ईगल्स ऐकायचेत हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या पिढीला ही गाणी एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्याच्या कॅसेटवर उतरवत मिळाली, शब्द कानाने ऐकून वहीत लिहिलेले. ज्यांच्या फोटोलाही आम्ही महाग होतो, ती माणसं कधी डोळ्यांनी बघू असं वाटलंच नव्हतं. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबर्नला आले तेव्हा मी गेलो होतो. त्यांचे गायक मिक जॅगर साठीला टेकलेले आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. माझ्या शेजारी एक गृहस्थ पहिल्या गाण्यापासून डोळे पुसत होते, गाणं मात्र एकही सोडलं नाही, सगळी मोठ्याने म्हटली. तिकीट कुठलंही काढा ताई, पण बाबांना न्याच.

गिटारवाला
@चिंगी_८४, बाबांना नेमकं काय बघायचंय? त्यांना विचारलंत का?

चिंगी_८४
त्यांना एकच बघायचंय. 'हॉटेल कॅलिफोर्निया' गाण्याच्या शेवटी दोन गिटारी एकत्र वाजतात ते. कॉलेजात असताना ते आणि त्यांचा मित्र मिळून तो भाग बसवत होते. पडद्यावर काय दिसतं याचं त्यांना काही पडलेलं नाही. बोटं दिसली पाहिजेत म्हणतात.

गिटारवाला
घ्या! एवढा वेळ सगळे आकाशाबद्दल बोलतायत आणि काकांना बोटं बघायचीत. काकांना माझा नमस्कार सांगा.

तीन गोष्टी त्यांना आधीच सांगून ठेवा. एक, मूळ रेकॉर्डवर तो भाग बँडचे तेव्हाचे गिटारवादक डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांचा आहे, आणि त्या गाण्याची मूळ चाल फेल्डर यांचीच. फेल्डर २००१ पासून बँडमध्ये नाहीत. वॉल्श दिसतील, जोडीला दुसरे वादक असतात. काकांची नजर फेल्डरना शोधत राहील आणि तेवढ्यात सोलो संपेल, म्हणून सांगतोय. दोन, सुरुवातीची बारा तारांची गिटार सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजते. काकांनी बहुतेक कॅपोशिवाय बी मायनरमध्ये बसवलं असणार, आमच्याकडे सगळ्यांनी तसंच बसवलं, कारण कॅपो होता कोणाकडे! त्यांना तो हात कुठे आहे ते बघायला सांगा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. स्फिअरच्या कार्यक्रमात हे गाणं शेवटी येत नाही, सुरुवातीलाच येतं. आधीच्या दौऱ्यात ते शेवटाकडे ठेवायचे. इथे दिवे गेले की पहिलं हेच.

चिंगी_८४
काय सांगता! आम्ही जेवून निवांत पोचणार होतो. आधी दुसरा कोणीतरी अर्धा-पाऊण तास वाजवतो ना?

सुलभा_न
तिथे ईगल्सच्या आधी कोणी वाजवत नाही. तिकिटावर साडेआठ असेल तर साडेआठच्या बऱ्यापैकी आधी खुर्चीत बसलेले असा. आत शिरताना तपासणी, मग सरकते जिने, मग रांग शोधणं, बाबांच्या चालीने वेळ लागेल. जेवण नंतर करा. वेगासला रात्री उशिरापर्यंत सगळं उघडं असतं.

आणि बोटांबद्दल: कार्यक्रमात अधूनमधून वादकांची मोठी छबी पडद्यावर येते, त्यामुळे लांबूनही हात दिसतात. पण ऐन सोलोला कॅमेरा हातावरच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

निवांत_पोपट
छोटी दुर्बीण न्या. नाटकाला नेतात तसली. माझ्या मते जावंच असं नाही, पण काका बोटं बघायला जाणार असतील तर तेवढं तरी नीट दिसावं. आत नेऊ देतात का ते सभागृहाच्या नियमांत आधी बघून घ्या.

केदार२
मग माझं नवं मत: २०० च्या पुढच्या रांगा. ३०० पेक्षा जवळ, ४०० सारखी उंची नाही, आणि पुढच्या रांगेत असल्यामुळे डोक्यावर छत येत नाही. १०० च्या पुढच्या रांगा गिटारवाले म्हणतात तशा उत्तम, पण तिथे तीन एकत्र आणि परवडतील अशी मिळणं अवघड. रांगेच्या टोकाची बघा, बाबांना पाय लांब करता येईल. आणि आईंना टोकाला बसवू नका, मध्ये बसवा, म्हणजे दोन्हीकडे आपलं माणूस.

गिटारवाला
२०० च्या पुढच्या रांगांना माझी हरकत नाही. दुर्बीण चालत असेल तर उत्तमच.

मी_परदेशी
ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर साउथ रिमला आतल्या आत फुकट बस फिरते, चालावं लागत नाही. आधी लिहायला हवं होतं.

चिंगी_८४
२०० ची दुसरी रांग मिळाली, तीन एकत्र, टोकाची. १०० च्या मागच्या रांगांपेक्षा माणशी थोडे जास्त गेले. काढून टाकली. बाबांना वॉल्श आणि फेल्डरचं सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत आहे, तू मला शिकवू नकोस." पण गाणं पहिलंच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आता साडेसहालाच निघायचं म्हणून बसलेत. आमचं हॉटेल व्हेनेशियन हॉटेलच्या जवळ आहे. तिथून चालत जाता येतं ना?

केदार२
येतं, व्हेनेशियनमधून थेट पादचारी पूल आहे. पण नकाशात दिसतो त्यापेक्षा रस्ता लांब आहे, आधी हॉटेलच्या आतलंच चालणं संपत नाही. गुडघा लक्षात घेऊन जाताना टॅक्सी करा. शो सुटल्यावर गाड्यांना फार गर्दी होते, तेव्हा परत येताना पुलावरून हळूहळू चाला.

चिंगी_८४
बरं. जाताना टॅक्सी, येताना पूल. सगळ्यांचे आभार.