जलरंगातली मुंबई विकायची आहे: इन्स्टा, फेसबुक, पिंटरेस्ट की आणखी काही?

रंगपेटी_मुलुंड

नमस्कार मंडळी. जलरंगात मुंबई रंगवते: चाळींच्या गॅलऱ्या, इराणी हॉटेलं, भाऊचा धक्का, लोकलचे प्लॅटफॉर्म. बहुतेक चित्रं क्वार्टर इम्पीरियल, म्हणजे ११ × १५ इंच, ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरखरीत) कागदावर. निम्मी उभी, निम्मी आडवी. मूळ चित्रं विकायची आहेत आणि कुणी मागितलं तर त्यांच्या जुन्या घराचं चित्रही करून द्यायचं आहे.

नोकरी सांभाळून या कामाला आठवड्याचे तीन तास निघतात. इन्स्टा, फेसबुक, पिंटरेस्ट, यूट्यूब, बिहान्स अशी पाच खाती उघडून ठेवलीत आणि पाचही अर्धवट आहेत. कुठलं ठेवू, कुठलं सोडू? रीलशिवाय आता काही खरं नाही म्हणतात, ते कितपत खरं? आणि चित्र चोरीला जायची भीती वाटते, त्याचं काय करायचं?

काचचौकट

तीन तासांत पाच दुकानं उघडी ठेवता येत नाहीत. तेव्हा आधी हे बघा, की तुमचं गिऱ्हाईक पैसे द्यायचं नेमकं कुठे ठरवतं. मूळ चित्र घेणारा माणूस ते इन्स्टावर बघतो, पण ठरवतो व्हॉट्सॲपवर. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावलेलं आहे का, फ्रेमसकट किती, ठाण्याला पोचवाल का, सोफ्याच्या वर मोठं दिसेल का, ही सगळी बोलणी तिथे होतात. म्हणून इन्स्टा ही दर्शनी काच आणि व्हॉट्सॲप बिझनेस हा गल्ला. पहिले सहा महिने एवढंच करा.

व्हॉट्सॲप बिझनेस वेगळ्या नंबरावर घ्या, फोनमधलं दुसरं सिम त्यासाठी पुरतं. त्यातल्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, म्हणजे तुमची चिंता मिटली. प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्या आणि आकार, कागद, किंमत, फ्रेम आहे की नाही हे तिथेच लिहा. विकलं गेलेलं चित्र त्याच दिवशी लपवा. नाहीतर आठवडाभर 'ते भाऊच्या धक्क्याचं आहे का अजून?' याचीच उत्तरं देत बसाल. कॅटलॉगची लिंक इन्स्टाच्या बायोत सगळ्यात वर ठेवा (बायोत पाच लिंका चालतात, पण दोनच्या पुढे कुणी बघत नाही).

नव्या चित्राची खबर देण्यासाठी ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ माणसं मावतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. यादी केली आणि कुणीच उत्तर देत नाही, अशी तक्रार असते तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच निघतं. म्हणून विक्री झाली की पार्सलमध्ये चिठ्ठी घाला: 'नंबर सेव्ह केलात तर नवी चित्रं आधी तुम्हाला दिसतील.'

इन्स्टावर किंमत लपवू नका. 'किमतीसाठी डीएम करा' वाचून संकोची माणूस पुढे सरकतो, आणि आपल्याकडे चित्र विकत घेणारा पहिलटकर संकोचीच असतो. अकाउंटचा प्रकार निवडताना बिझनेसऐवजी क्रिएटर निवडा. बिझनेस खात्याला गाण्यांची लायब्ररी फार तोकडी मिळते. नंतर प्रकार बदलता येतो, त्यात काही जात नाही.

फेसबुक बंद करू नका, पण त्यावर वेगळा वेळही घालवू नका. इन्स्टाची पोस्ट आपोआप फेसबुक पेजवर जाईल अशी सोय अकाउंट्स सेंटरमध्ये आहे, ती चालू करा. मात्र जुन्या घरांच्या चित्रांचं गिऱ्हाईक खरोखर फेसबुकवरच आहे. गिरगाव, दादर, लालबाग सोडून बोरिवली-डोंबिवलीला गेलेले किंवा थेट न्यू जर्सीला पोचलेले पन्नाशी-साठीचे लोक तिथल्या जुन्या वस्त्यांच्या ग्रुपांत रोज असतात. महिन्यातून एकदा तिथे एका चाळीचं चित्र टाका. खाली जाहिरात लिहू नका, बहुतेक ग्रुप ती उडवतात. चाळीचं नाव आणि गल्ली लिहा, पुढचं काम लोक प्रतिसादांत स्वतःच करतात.

पाटी_पेन्सिल

वरच्याशी बरंचसं सहमत, पण पिंटरेस्टला एवढ्या लवकर मूठमाती देऊ नका. इन्स्टावरची पोस्ट दोन-तीन दिवसांत शिळी होते. पिंटरेस्ट ही मुळात शोधायची जागा आहे, तिथली पिन वर्षभरानेही कुणाच्या तरी शोधात वर येते. महिन्यातून एक तास काढून त्या महिन्यातली सगळी चित्रं एकदम चढवा. पिनचा आकार १००० × १५०० पिक्सेल, म्हणजे २:३. शीर्षक इंग्रजीत आणि अगदी सरळ ठेवा: मुंबई, चाळ, जलरंग, मूळ चित्र. 'आठवणींचा उंबरठा' असलं काव्य शोधात कुणी टाइप करत नाही. आणि प्रत्येक पिनला लिंक हवीच, लिंक नसलेली पिन म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

बिहान्स मात्र तुम्ही खुशाल सोडा. ते मूळ चित्रं विकायचं ठिकाण नाही. तिथे एजन्सीतले आर्ट डायरेक्टर आणि प्रकाशनवाले इलस्ट्रेटर शोधायला येतात, आणि त्यांना सुटं चित्र नको असतं, प्रकल्प हवा असतो: विषय, कच्ची रेखाटनं, रंगाचे प्रयोग, शेवटचं चित्र, छापून आलेलं पान. पुढेमागे पुस्तकांची किंवा मासिकांची कामं हवी असतील तर असे तीन-चार नीट प्रकल्प घडवा आणि त्यांची लिंक लिंक्डइनवर द्या. गेम आणि ॲनिमेशनवाले आर्टस्टेशन बघतात, तुमच्या कामाचा तिथे संबंध नाही.

यूट्यूब फक्त शिकवायचं असेल तरच. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलेले व्हिडिओ लागतात (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). आठवड्याच्या तीन तासांत ते जमणार नाही. आणि बाहेरच्या देशातले सल्ले वाचताना एक लक्षात ठेवा, त्यातले निम्मे टिकटॉकपासून सुरू होतात. आपल्याकडे ते जून २०२० पासून बंद आहे, ती पानं सरळ ओलांडा.

ओला_वॉश

रीलबद्दल. नवे लोक तुमच्यापर्यंत मुख्यतः रीलनेच येतात, हे खरं. पण जलरंगवाल्यांना त्यासाठी नाचावं लागत नाही, ओल्या कागदावर रंग पसरताना लोक आपोआप थांबतात. सगळ्या चित्राचा टाइमलॅप्स टाकू नका, दोन तासांचं चित्र तीस सेकंदांत दाबलं की नुसता हात थरथरताना दिसतो. त्याऐवजी एकच वॉश (पातळ रंगाचा ओला थर) खऱ्या वेगात घ्या. समजा, पावसाळी आभाळ: कागद ओला, त्यावर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, रंग एकमेकांत शिरतायत आणि खाली रंगाचा दाणा बसतोय. आठ-दहा सेकंद पुरे. शेवटी दोन सेकंद पूर्ण चित्र.

मुंबईच्या घरात दोन गोष्टी घात करतात. एक ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि फोन बहुधा ३० फ्रेमवर चित्रण करतो, त्यामुळे कागदावर पट्टे फिरताना दिसतात. २५ फ्रेम ठेवा (आयफोनात कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल (२५ फ्रेमचा) फॉरमॅट दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो) आणि शटर १/५० किंवा १/१००. दुसरा घातकी म्हणजे पंखा. दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली कागदावर लुकलुकत राहते. पावसाळ्यात पंख्याशिवाय वॉश वाळत नाही हे मान्य, पण चित्रणाच्या त्या दहा सेकंदांपुरता बंद करा.

फोटोबद्दल: ए-४ स्कॅनरच्या नादी लागू नका. ११ × १५ त्यात मावत नाही, आणि फिकट वॉश स्कॅनर खाऊन टाकतो. चित्र भिंतीला उभं टेकवा, बाजूला खिडकीचा उजेड असू द्या, थेट ऊन नको. फोन चित्राच्या बरोबर मध्यभागी आणि समांतर धरा, एक मीटर मागे जाऊन २एक्स लेन्स लावा. जवळून मुख्य लेन्सने काढला तर कडा फुगतात आणि चाळीचे खांब वाकडे दिसतात. चित्राशेजारी त्याच कागदाचा कोरा तुकडा ठेवा आणि एडिट करताना त्यावरून पांढरा जुळवा. हे केलं नाही तर कागद पिवळट येतो आणि गिऱ्हाईक हातात चित्र घेऊन म्हणतं, 'फोटोत उबदार वाटत होतं.' फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत सेव्ह करा, ॲडोबी आरजीबी ठेवलं तर काही फोनांवर रंग मलूल दिसतात. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला बारकावे दाखवायचे असतील तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साध्या पद्धतीने पाठवलात तर दाणा पुसला जातो.

शाई_आणि_शिक्का

चोरीचं आणि कायद्याचं थोडक्यात.

नेटवर १०८० पिक्सेल रुंदीचीच फाइल चढवा, मूळ फाइल कधीही नाही. ३०० डीपीआयने (छपाईत इंचाला ३०० ठिपके) १०८० पिक्सेल म्हणजे फक्त ३.६ इंच. त्यातून बरा ए-४ प्रिंट निघत नाही, त्याला २४८० पिक्सेल रुंदी लागते. फ्रिज मॅग्नेट आणि कॉफीचे मग मात्र निघतात, ते थांबवता येत नाही. चित्राच्या मधोमध वॉटरमार्क टाकू नका, चोरापेक्षा गिऱ्हाइकाचाच जास्त हिरमोड होतो. एआयने तुमची शैली उचलू नये म्हणून शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ हे सॉफ्टवेअर आहे, पण कोऱ्या कागदाच्या आणि सपाट आभाळाच्या जागी त्याचे डाग दिसतात. जलरंगाला ते फारसं मानवत नाही.

कॉपीराइट चित्र काढल्याक्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. मूळ चित्र विकलं तरी कॉपीराइट जात नाही, तो द्यायचा तर लेखी करार लागतो. पण एक मोठा खड्डा आहे: मागणीवरून, पैसे घेऊन केलेलं चित्र. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर अशा चित्राचा पहिला कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. म्हणजे कुणाच्या आजोळच्या वाड्याचं चित्र तुम्ही केलंत, तर त्याचे प्रिंट विकायचा हक्क तुमच्याकडे नाही. म्हणून ॲडव्हान्स घेण्याआधी व्हॉट्सॲपवर एवढं लिहा आणि समोरच्याचा होकार लेखी घ्या: 'चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्रकार ते सोशल मीडियावर दाखवू शकेल आणि त्याचे प्रिंट काढू शकेल.' काही लोकांना घराचं चित्र जगजाहीर नको असतं, तेही तिथेच कळतं.

फसवणुकीचे तीन साचे ठरलेले आहेत. एक, 'तुमची चित्रं एनएफटी (डिजिटल मालकीची नोंद) म्हणून घेतो, आधी या साइटवर गॅस फी (व्यवहाराचं शुल्क) भरा.' दोन, 'पैसे पाठवले, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार. तीन, 'तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत लिंकवर उत्तर द्या.' ती लिंक पासवर्ड चोरते. टू-फॅक्टर (दुहेरी पडताळणी) चालू करा, एसएमएसवर नको, ऑथेंटिकेटर ॲपवर. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, बँकेचं ॲप उघडून बघा.

रंगपेटी_मुलुंड

सगळ्यांचे आभार. बिहान्स आणि यूट्यूब आजच बंद करते. एक अडचण उरली: उभी चित्रं ठीक दिसतात, पण आडवी इन्स्टा प्रोफाइलच्या ग्रिडवर विचित्र कापली जातात. एका चित्रातली अख्खी बोटच गायब झाली.

ओला_वॉश

२०२५ पासून ग्रिडवरचे चौकोन ३:४ उभे झालेत. तुमचं उभं ११ × १५ जवळजवळ त्याच मापाचं आहे, वर-खाली मिळून पाऊण-एक सेंटीमीटर जातं. सही अगदी कडेला टेकवत नसाल तर काही बिघडत नाही. आडव्याचं मात्र १५ पैकी मधले सव्वाआठ इंचच दिसतात, दोन्ही बाजूंनी जवळपास साडेतीन-साडेतीन इंच कापले जातात. बोट त्यातच गेली.

१०८० × १४४० ची कोरी पाटी करा, रंग कागदासारखा मळकट पांढरा. त्यावर चित्र १००० × ७३३ एवढं, मधोमध ठेवा. ग्रिडवर ते माउंट लावल्यासारखं दिसेल. किंवा पहिल्या स्लाइडला नुसती बोट, उभी कापून, आणि दुसऱ्या स्लाइडला पूर्ण चित्र. पण पहिल्या स्लाइडचं माप पुढच्या सगळ्यांना लागू होतं, त्यामुळे दुसरी स्लाइडही त्याच पाटीवर बसवून चढवा. नाहीतर बोट परत जाईल.

काचचौकट

आणि ते बोटीचं चित्र विकायचं असेल तर कॅटलॉगमध्ये पूर्ण आडवाच फोटो ठेवा, शेजारी फूटपट्टी किंवा हात दिसू द्या. १५ इंच म्हणजे केवढं, हे फोनवर कुणालाच कळत नाही.