ल्युकेमियातून बरा झालेला मुलगा: खाणं आणि खेळणं किती, कसं?

बार्शीची_आई
माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना रक्ताचा कॅन्सर झाला, एएलएल. टाटामध्ये उपचार घेतले, सुरुवातीला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. सातव्या वर्षी गोळ्या बंद झाल्या. पहिली काही वर्षं तपासणीला जात होतो, मग कोरोना आला आणि जाणं सुटलं.

आता वजन ७८ किलो. शाळेत पीटीच्या तासाला त्याला वर्गातच बसवतात. सासूबाई भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात. मी काही बोलले की म्हणतात, "मरणाच्या दारातून परत आलंय पोरगं, खाऊ दे की." दोन जिने चढला की कठड्याला धरून उभा राहतो. चालताना पाय घासतो, बुटाची टोकं आधी झिजतात. चप्पल पायातून सुटली तरी चार पावलं त्याला कळत नाही. त्याला मित्रांबरोबर कबड्डी खेळायची आहे. सोडू का? आणि जेवायला काय देऊ?

गोदाकाठ
ताई, मलाही सहाव्या वर्षी हाच आजार झाला होता. आज तिशीत आहे, नाशिकला बँकेत नोकरी करते, रोज सकाळी सायकल चालवते.

आधी दम लागण्याचं बघा. वजनामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. आपल्याला सलाईनमधून जे लाल औषध देतात, डॉनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिन, त्याने हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो, आणि ते कित्येक वर्षांनी समोर येतं. तोवर काही जाणवतही नाही. जुनी फाइल काढा. त्यात प्रत्येक औषधाचा एकूण डोस लिहिलेला असतो. या लाल औषधांचा डोस २५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर धोका जास्त धरतात. पण त्याला आत्ताच दम लागतोय, म्हणजे आकडा कितीही असो, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच करून घ्या. तोवर कबड्डी नको.

टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं एसीटी क्लिनिक आहे. मध्ये खंड पडला म्हणून संकोच करू नका. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गटही आहे, आमच्यासारख्या बऱ्या झालेल्यांचाच. तिथली मोठी मुलं भेटली की तुमच्या मुलाला फार बरं वाटेल.

आता जेवण. उपचारात स्टेरॉइड चालू असताना मी रात्री दोनला उठून वरणभात आणि लोणचं मागायचे. ती भूक औषधाची होती. औषध थांबलं, पण घरातलं माझं ताट त्याच मापाचं राहिलं. तुमच्या सासूबाईंनी नातवाचा हाडाचा सापळा झालेला पाहिलाय, त्या लोणी वाढणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, तपासणीला सोबत न्या. माझ्या आजीने आईचं कधी ऐकलं नाही, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं तेव्हा ऐकलं.

वेगळं पथ्य काही लागत नाही. घरात सगळ्यांना जे असतं तेच त्याला: भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, चालत असतील तर अंडी. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून दूध किंवा ताक, नाचणी आणि डॉक्टर सांगतील तसं व्हिटॅमिन डी. खारी, बटर, पुड्यातलं चटरमटर घरात आणूच नका. आणि कुणी कसला काढा किंवा पावडर सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

फिजिओ_पुणे
मी फिजिओथेरपिस्ट आहे. बुटाचं टोक झिजणं, चप्पल सुटलेली न कळणं, हे व्हिनक्रिस्टीन या कॅन्सरच्या औषधाने पायाच्या नसांवर झालेल्या परिणामाचं लक्षण असू शकतं. जवळच्या फिजिओला पाय दाखवा. घोट्याला ताकद यावी म्हणून आम्ही भिंतीला हात लावून टाचांवर चालायला लावतो. मांडीच्या सांध्यात किंवा जांघेत दुखत असेल तर तेही सांगा. स्टेरॉइडमुळे तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो, अशा वेळी उड्या मारणं चालत नाही.

इको चांगली आली तर मात्र त्याला बसवून ठेवू नका. या वयाच्या मुलांनी दिवसाला ६० मिनिटं हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याची सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने होऊ दे. लहानपणी कॅन्सर झालेल्या १५,००० हून अधिक प्रौढांचा उत्तर अमेरिकेतला अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात नियमित दमदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. जिममध्ये श्वास रोखून जड वजनं उचलणं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बार्शीची_आई
फाइल सापडली, कपाटात साड्यांखाली होती. डॉनोरुबिसिन लिहिलंय. सोमवारी इको आहे. सासूबाई येतो म्हणाल्या.

गोदाकाठ
फार बरं झालं. शाळेसाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, काय चालेल आणि काय नाही ते स्पष्ट लिहून. फाइलच्या प्रत्येक पानाचा फोटो मुलाच्याही फोनमध्ये ठेवा. उद्या तो शिकायला बाहेरगावी गेला तर तिथल्या डॉक्टरांना हे त्यालाच सांगावं लागणार आहे.