प्रति: आधी रंग की आधी बेल्ट?
२००५ची मारुती ८०० घेतलीत आणि सुरुवात रंगापासून करायची म्हणताय? रंग कुठे पळून जात नाही. आधी पायाखालचं मॅटिंग उचला आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. टणटण वाजला तर ठीक. टोक आत घुसलं तर पत्रा गंजलाय, खरा खर्च तिथेच आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, ऑइल बिनधास्त घरी करा. ब्रेकचं काम मात्र मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून शिका. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही म्हणजे नाही! गाडी टेकवायला जॅक स्टँड आणा. बाय द वे, आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) बघितलीत ना? १५ वर्षांनंतर नूतनीकरण ५ वर्षांपुरतंच होतं.