सोलापुरात मातेउस द कास्त्रो यांचं स्मारक व्हावं का?

भुईकोट
व्हावं, असं मला मनापासून वाटतं. कास्त्रो गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना पाद्री करायला नकार दिला. मग त्यांनी थेट रोम गाठलं, तिथे शिकले आणि १६३७ मध्ये बिशप झाले. लॅटिन पंथाचे, म्हणजे रोमच्या उपासना-परंपरेतले पहिले भारतीय बिशप! नेमणूक होती आदिलशाही मुलखाची. आदल्याच वर्षीच्या तहात सोलापूर आदिलशाहीकडे आलं होतं, म्हणजे आपलं गाव त्यांच्याच हद्दीत. पुतळा नको. हुतात्मा बागेजवळ काळ्या दगडाची शिळा, त्यावर चार ओळी मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि उर्दूत.

पूर्वभाग
हद्दीत गाव होतं एवढ्यावर स्मारक? त्यांचं ठाणं डिचोलीला. शिळा तिथे बसवा, दिवाडीत बसवा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन हे इथले, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. आमच्या गल्लीतल्या किती पोरांना ही चार नावं येतात, विचारून बघा. आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, त्याचं काय?

दगडीवेस
पाण्याचं कारण प्रत्येक गोष्टीला लागू पडतं, ते सोडा. माझा प्रश्न निराळा. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं लोकांना छळलं. त्याच चर्चच्या बिशपाला सोलापूरनं मान द्यायचा?

भुईकोट
त्याच सत्तेशी हा माणूस आयुष्यभर भांडला, दादा! पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाची पकड होती. ती सैल करायला रोमनं १६२२ मध्ये प्रोपगांडा फिदे ही संस्था काढली आणि कास्त्रोंना तिनंच पाठवलं. गोव्याच्या चर्चनं त्यांची नेमणूक मानली नाही. मग पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीत बसून त्यांनी स्थानिक तरुणांना पाद्री केलं. गोऱ्यांचा हुकूम न मानणारा बिशप, तोही सतराव्या शतकात. हे आपल्या पोरांना कळायला नको?

दगडीवेस
आदिलशाहीला गोव्यावर चढाई करायला त्यांनीच चिथावलं, असा पोर्तुगीजांचा आरोप होता. धर्मगुरूनं फौजा बोलावणं मला तरी पटत नाही.

भुईकोट
आरोप करणारे कोण, तेही बघा की. ज्यांची गादी हलत होती तेच.

रेल्वेलाइन्स
मी ख्रिस्ती आहे, आणि माझाही विरोध आहे. सोलापुरातली आमच्यासारखी बरीच घरं अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली, प्रॉटेस्टंट. कॅथलिक थोडे, ते पुणे धर्मप्रांतात येतात. शिळा बसली की लोक आम्हा सगळ्यांना त्या नावाशी जोडणार. आम्हाला कुणी विचारलं?
दुसरं, भुईकोटनी जे सांगितलंच नाही. १६५३ मध्ये कास्त्रोंनी गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून लिहिलं, त्यांच्याच हक्कांसाठी. माझे पणजोबा गावकुसाबाहेरून मिशनच्या शाळेत आले. त्यांना त्या लढ्यात जागा कुठे होती?

भुईकोट
ताई, ही बाजूही शिळेवर कोरली पाहिजे. १६५३ चं लिखाण कुणासाठी होतं, ते स्पष्ट लिहू. मजकूर तुम्ही लोकांनी बघितल्याशिवाय महापालिकेकडे अर्ज जाणार नाही. पण गोऱ्या आर्चबिशपांच्या नकारापुढे न झुकता ते बिशप झाले, ही गोष्ट त्यानं खोटी ठरत नाही.

रेल्वेलाइन्स
खोटी नाहीच. पण चार ओळींत ते लिखाण मावणार नाही, आणि लोक वाचणार फक्त नाव. माझा नकार कायम.